शाळा, बोर्डिंग आणि आपला विहार

विहाराच्या बांधकामाचा इतिहास या स्मरणिकेत आहेच. आम्ही इथे नांदेड-लातूरकडच्या आपल्या पोरांच्या शिक्षणाविषयी लिहितो.

निजामाच्या राज्यात पदवीसाठी हैदराबाद गाठावं लागे, तिथे उस्मानिया विद्यापीठात शिक्षण उर्दूतून. पण त्याआधीच गाडी अडे. शाळेत नाव घातलं तरी राहायचं कुठे, खायचं काय? परमपूज्य बाबासाहेबांनी हे फार आधी ओळखलं होतं. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली लातूरशेजारच्या सोलापुरात वसतिगृह काढलं, नगरपालिकेनेही मदत दिली. शिकवणं शाळेचं, राहणं-जेवणं समाजाचं, असा मेळ बसला.

जून १९५० मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत कॉलेज सुरू केलं, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय. त्याच साली नांदेडातही पीपल्स कॉलेज निघालं. तरी आपली पोरं पत्र्याची पेटी घेऊन मीटरगेजच्या गाडीने औरंगाबादला जात, कारण नागसेनवनात वसतिगृह होतं.

१९५६ च्या धम्मदीक्षेनंतर केंद्राच्या अनुसूचित जातीच्या सवलती बौद्धांना मिळेनात. त्या मिळाल्या १९९० साली. फॉर्मवर जुनी जात लिहावी की बौद्ध, यावरून घराघरांत वाद झाले. ज्यांनी जुनी जात लिहिली त्यांना आम्ही दोष देत नाही.

आज विहारात संध्याकाळी अभ्यासिका चालते. शाळेतले गुरुजी गैरहजर मुलांची नावं कळवतात, उपासिका त्या घरी जातात. ऊसतोडीला गेलेल्या आईबापांची दोन पोरं अशीच गावात थांबली. त्यांचं जेवण पाळीपाळीने चार घरी आहे. पाचवं घर हवं आहे.