२२ अक्षरांचा लगाम

विज्ञानाचा इतिहास लिहिताना शोधाची तारीख सहज सापडते. तो शोध कुठे अडखळला, हे मात्र खणून काढावे लागते. मायक्रोआरएनएची कथा मला त्यासाठीच महत्त्वाची वाटते.

१९९३ साली व्हिक्टर अँब्रोस, रोझलिंड ली आणि ऱ्होंडा फाइनबॉम यांना जेमतेम १ मिलिमीटर लांबीच्या सूत्रकृमीत एक अजब जनुक उमगले. लिन-४ या जनुकापासून प्रथिन बनतच नव्हते; बनत होता सुमारे २२ अक्षरांचा आरएनएचा तुकडा. तो लिन-१४ या जनुकाच्या संदेशाला चिकटून त्याचे प्रथिन बनू देत नाही, हे अँब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांच्या गटांनी मिळून उलगडले. हुकूम सुटलेला, पण अंमलबजावणी रोखलेली! २००० साली रुव्हकुन यांच्या गटाला लेट-७ हा तसाच तुकडा माणसातही आढळला आणि ही केवळ कृमीची तऱ्हा नाही, हे स्पष्ट झाले.

२००५ साली कार्लो क्रोचे यांच्या गटाने स्तनाच्या कर्करोगात मिर-२१ वाढलेला आणि मिर-१२५बी घटलेला दाखवला. पण हा बिघाड रोगाचे कारण की परिणाम? २००७ साली ली मा आणि रॉबर्ट वाइनबर्ग यांनी एक साखळी मांडली. ट्विस्ट हे प्रथिन मिर-१०बी वाढवते. तो एचओएक्सडी१० चे प्रथिन रोखतो. मग आरएचओसी हे जनुक मोकाट सुटते आणि पेशी पसरू लागतात. एरवी न पसरणाऱ्या पेशींत मिर-१०बी वाढवताच त्या उंदरांत पसरल्या.

इथेच कथा अडखळते. २००८ साली दुसऱ्या एका गटाला रुग्णांच्या गाठींत मिर-१०बी आणि रोगाचा फैलाव यांचा संबंध दिसला नाही. मा यांच्या गटाने २०१० मध्ये उंदरांत मिर-१०बी दाबला, तेव्हा फुफ्फुसांतला फैलाव घटला. मूळ गाठ मात्र वाढतच राहिली.

माझ्या मते यातला कोणताही निष्कर्ष घाईने खोटा ठरवू नये. अख्ख्या गाठीची सरासरी मोजताना तिच्यातून निसटणाऱ्या मोजक्या पेशी नजरेआड होऊ शकतात. गाठ शस्त्रक्रियेने काढता येते. जीव बहुधा घेतो तो फैलाव. म्हणून हा प्रश्न निव्वळ पंडिती वादाचा नाही.

२०१६ साली मिर-३४ वर आधारित औषधाची कर्करुग्णांवरील चाचणी रोगप्रतिकारशक्तीच्या गंभीर प्रतिक्रियांमुळे थांबवावी लागली. २०२४ साली अँब्रोस आणि रुव्हकुन यांना नोबेल मिळाले. या दोन्ही तारखा शेजारी शेजारी लिहिल्या, तरच हा इतिहास पुरा होतो.