नैसर्गिक संसाधनांवरील संशोधन आणि गरिबांची उपजीविका : सुखोमाजरी व पाणी पंचायत यांचा तुलनात्मक मागोवा

प्रस्तावना

भारतासारख्या कृषिप्रधान देशात ग्रामीण गरिबांचे जीवन जमीन, पाणी, गवत व सरपण या चार गोष्टींवर अवलंबून असते. साहजिकच नैसर्गिक संसाधनांविषयीच्या संशोधनातून गरिबांची उपजीविका सुधारेल, अशी अपेक्षा बाळगली जाते. तथापि, मातीची धूप थांबली आणि भूजलाची पातळी वाढली म्हणजे गावातील भूमिहीनाच्या घरातील चूल पेटेलच, असे इतिहास सांगत नाही. प्रस्तुत लेखात विसाव्या शतकाच्या आठव्या दशकात एकमेकांपासून दूर घडलेल्या दोन प्रयोगांचा मागोवा घेतला आहे. हरियाणातील सुखोमाजरीचा प्रयोग शासकीय संशोधन संस्थेतून, तर पुणे जिल्ह्यातील नायगावचा प्रयोग एका अभियंत्याच्या स्वयंप्रेरणेतून उभा राहिला. संसाधन कसे वाढवावे यापेक्षा वाढलेले संसाधन कोणाच्या मालकीचे ठरवावे, हा प्रश्न सोडवल्यावरच संशोधन गरिबांपर्यंत पोहोचले, हे या दोन्ही प्रयोगांच्या आधारे दाखविण्याचा हा प्रयत्न आहे.

पार्श्वभूमी : तंत्राचा कालखंड

दख्खनच्या पर्जन्यछायेतील शेतीविषयक पद्धतशीर संशोधनाला १९२३ मध्ये पुण्याजवळील मांजरी येथे आरंभ झाला. १९३३ मध्ये सोलापूर येथे कोरडवाहू संशोधन केंद्र सुरू झाले. बांधबंदिस्ती, वेळेवर कुळवणी, कमी बियाणे आणि ओळींतील वाढीव अंतर या शिफारशींतून ‘मुंबई कोरडवाहू शेतीपद्धती’ आकारास आली. पुढे १९४२ च्या मुंबई जमीन सुधारणा योजना कायद्याने समपातळी बांधांच्या कामांना कायद्याचा आधार मिळाला.

या संशोधनाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. मात्र त्याचा लाभार्थी जमीनधारक होता. ज्याच्याकडे शेतच नाही त्याच्यासाठी या शिफारशींत काही नव्हते. बांधाच्या कामावरची तात्पुरती मजुरी एवढाच त्याचा वाटा. कायद्याची चौकटही याला पूरक होती. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्यानुसार आपल्या जमिनीखालील पाणी गोळा करण्याचा व वापरण्याचा हक्क जमीनमालकाला आहे. परिणामी, सार्वजनिक पैशातून डोंगरावर जिरविलेले पाणी खाली ज्याची विहीर असेल त्याचे होते.

खानदेशातील पांझरा, मोसम आदी नद्यांवरील फड पद्धती ही सामूहिक पाणी व्यवस्थापनाची जुनी व समृद्ध परंपरा आहे. बंधारा, पाट, पाटकरी आणि एका फडात एकच पीक घेण्याचा नियम यांमुळे ती दीर्घकाळ टिकली. परंतु तेथेही पाण्याचा हक्क फडातील जमिनीशीच जोडलेला होता, हे येथे नमूद केले पाहिजे.

सुखोमाजरी : गाळाच्या शोधातून हिश्श्याकडे

चंडीगड शहरासाठी १९५८ मध्ये बांधलेला सुखना तलाव अवघ्या दोन दशकांच्या आत गाळाने मोठ्या प्रमाणावर भरला. मृद व जलसंधारण संशोधन संस्थेच्या चंडीगड केंद्राचे शास्त्रज्ञ पी. आर. मिश्रा यांनी या गाळाचे मूळ शोधण्याचे काम हाती घेतले. शोध शिवालिकच्या उघड्या पडलेल्या टेकड्यांपर्यंत आणि तेथील सुखोमाजरी या छोट्या वस्तीपर्यंत पोहोचला. वस्तीतील बहुतेक कुटुंबे गुज्जर समाजाची होती. शेती पावसावर अवलंबून असल्याने शेळ्या व गुरे टेकड्यांवर चारणे हाच त्यांचा आधार होता.

संशोधकांपुढील पहिला उपाय स्वाभाविकच तांत्रिक होता : घळी बुजविणे, झाडे लावणे, चराई थांबविणे. परंतु शहरातील तलाव वाचावा म्हणून डोंगरातील कुटुंबाने आपली शेळी का विकावी, या प्रश्नाला त्यात उत्तर नव्हते. १९७६ पासून येथे मातीचे छोटे बंधारे बांधण्यात आले. अडविलेले पाणी शेताला मिळू लागताच पिकाची शाश्वती वाढली आणि ग्रामस्थांना टेकडी राखण्यात स्वतःचे हित दिसू लागले.

लवकरच दुसरी अडचण समोर आली. ज्यांची शेते बंधाऱ्याच्या पाण्याखाली येत नव्हती किंवा ज्यांना शेतच नव्हते, त्यांनी चराई का थांबवावी? टेकडीवर एका कुटुंबाच्या शेळ्या गेल्या तरी सर्वांचे बंधारे गाळाने भरणार होते. म्हणजे ज्याला काहीच मिळत नव्हते त्याच्या संमतीवाचून योजना टिकणे अशक्य होते. यातूनच प्रत्येक कुटुंबाला, जमीन असो वा नसो, पाण्याचा समान हिस्सा देण्याचा निर्णय झाला. ज्याला पाणी वापरता येत नाही त्याने आपला हिस्सा दुसऱ्याला विकावा, अशी मुभा ठेवण्यात आली. तारेचे कुंपण न घालता लोकांनी स्वतःहून पाळलेल्या या चराईबंदीला अभ्यासकांनी ‘सामाजिक कुंपण’ असे नाव दिले.

टेकड्यांवर भाभर व चाऱ्याचे गवत वाढले. पूर्वी भाभर गवताचा लिलाव वनविभाग ठेकेदारांना देत असे. आता ते कापण्याचा हक्क गावाच्या समितीकडे आला. शेळ्या कमी झाल्या, म्हशी वाढल्या आणि दूध हे उत्पन्नाचे साधन बनले. तलावाच्या गाळाचा प्रश्न अशा रीतीने गावाच्या उपजीविकेच्या वाटेने सुटू लागला.

पाणी पंचायत : माणशी पाण्याचे तत्त्व

१९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातील लक्षावधी लोक खडी फोडण्याच्या व मातीकामाच्या कामांवर होते. १९७३ च्या उन्हाळ्यात ही संख्या सुमारे ५० लाखांवर गेली. पुण्यातील अभियंता व उद्योजक विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातील ही कामे पाहिली. श्रम एवढे होत असताना पाण्याची कायमची सोय का होत नाही, या प्रश्नाने त्यांना ग्रासले. १९७४ मध्ये त्यांनी ग्राम गौरव प्रतिष्ठानची स्थापना केली आणि नायगाव येथील देवस्थानची सुमारे ४० एकर उजाड जमीन दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने घेतली. उतारावर समपातळी बांध, खालच्या अंगाला पाझर तलाव, त्याखाली विहीर आणि तेथून उचललेले पाणी, अशी रचना त्यांनी उभी केली. संस्थेच्या प्रयोगशाळेत नव्हे, तर माळरानावर केलेले हे संशोधन होते.

या प्रयोगातून सिद्ध झालेले तंत्र नवे नव्हते. नवे होते ते त्यातून काढलेले नियम. उपसा योजना एकट्या शेतकऱ्याला न देता गटाला द्यावी. पाणी जमिनीच्या क्षेत्रावर नव्हे, तर कुटुंबातील माणसांच्या संख्येवर द्यावे : माणशी अर्धा एकर व कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. पाण्याचा हक्क जमिनीला चिकटलेला नसावा. जमीन विकली तरी पाणी विकले जाऊ नये. भूमिहीनालाही पाण्याचा वाटा असावा. ऊसासारखी बारमाही, जास्त पाणी पिणारी पिके घेऊ नयेत. भांडवली खर्चाचा २० टक्के भाग लाभार्थ्यांनी स्वतः उभा करावा. पाणी सोडण्याचे काम गटाने नेमलेल्या पाटकऱ्याकडे असावे.

या नियमांतील ‘माणशी’ हा शब्द महत्त्वाचा आहे. सिंचनाच्या हिशेबात तोवर एकक होते एकर. साळुंखे यांनी ते माणूस केले. या विचाराचा पुढील आविष्कार सांगली जिल्ह्यातील येरळा नदीवरील बळीराजा धरणाच्या चळवळीत दिसतो. तेथेही भूमिहीनांसह प्रत्येक कुटुंबाला पाणी हे तत्त्व होते, आणि नदीतील वाळूच्या विक्रीतून धरणासाठी निधी उभा करण्याचा मार्ग ग्रामस्थांनी स्वीकारला. ‘समन्यायी पाणीवाटप’ ही संज्ञा मराठी सार्वजनिक चर्चेत रुजली ती अशा प्रयत्नांमुळे.

तुलना व मर्यादा

दोन्ही प्रयोगांत भूमिहीनाला वाटा मिळाला; परंतु कारणे भिन्न होती. सुखोमाजरीत तो गरजेपोटी मिळाला, कारण भूमिहीनाची शेळी संपूर्ण योजना उधळू शकत होती. नायगावात तो तत्त्व म्हणून दिला गेला. इतिहासाच्या दृष्टीने हा भेद मोलाचा आहे. जेथे गरिबाच्या हाती नकाराची ताकद असते तेथे वाटा टिकण्यास आधार मिळतो; जेथे ती नसते तेथे तत्त्व जपणारी संस्था वा कायदा लागतो.

मर्यादाही स्पष्ट आहेत. सुखोमाजरीत समाज बहुतांशी एकजिनसी होता. जातींनी विभागलेल्या मोठ्या गावात असा निर्णय तितका सहज होत नाही. तेथील समान हिश्श्याची पद्धत मूळ स्वरूपात टिकली नाही आणि बंधाऱ्यांतही गाळ साचत गेला. पाणी पंचायतीच्या तत्त्वांचा गौरव झाला, परंतु उसाच्या अर्थकारणापुढे त्यांचा विस्तार मर्यादित राहिला. २००२ मध्ये साळुंखे यांचे निधन झाले. महाराष्ट्राने २००५ मध्ये जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा व २००९ मध्ये भूजलाचा कायदा केला. तरीही पाण्याचा हक्क जमिनीपासून वेगळा करून भूमिहीनाला देणे हे सार्वत्रिक धोरण झालेले नाही. पाणलोट विकासाची कामे मात्र गावोगावी झाली, आणि चराईबंदीचा पहिला भार बहुधा शेळ्यामेंढ्यांवर जगणाऱ्यांनीच उचलला.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, नैसर्गिक संसाधनांवरील संशोधनाचे यश केवळ जिरलेल्या पाण्यावर वा वाढलेल्या हिरवळीवर मोजणे अपुरे आहे. मांजरी व सोलापूरच्या संशोधनाने पाणी कसे धरून ठेवावे हे सांगितले; सुखोमाजरी व नायगावने ते कोणाला द्यावे हा प्रश्न संशोधनाच्या कक्षेत आणला. हा दुसरा प्रश्न अभियांत्रिकीइतकाच इतिहास, अर्थशास्त्र व समाजशास्त्र यांचाही आहे. महाविद्यालयांनी आपल्या परिसरातील पाणलोट क्षेत्रांचा अभ्यास हाती घेताना विहिरींच्या पातळीबरोबरच त्या विहिरी कोणाच्या आहेत याचीही नोंद ठेवली, तर असे संशोधन गरिबांच्या उपयोगी पडण्याची शक्यता निश्चितच वाढेल.