बुरशीची टोळी

मंडळी, रत्नागिरीचा पावसाळा ज्याने काढलाय त्याला बुरशीची ओळख करून द्यायला नको. कपाटातल्या गोधड्या, पुस्तकं, काहीच सुटत नाही. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिक बेटांवर अमेरिकन सैन्याचं हेच झालं. सुती तंबू, कपडे सगळं कुजायला लागलं. बुगनव्हिल बेटावरच्या तंबूची बुरशी लष्करी प्रयोगशाळेत पोचली. एल्विन रीज आणि मेरी मँडेल्स यांनी तिच्यावर वर्षानुवर्षं काम केलं. पुढे 1977 मध्ये तिला रीजचंच नाव मिळालं: ट्रायकोडर्मा रीसी.

आधी या बुरशीला थांबवायचं होतं. 1973 चं तेलसंकट आलं आणि तिचीच एन्झाइम्स हवीहवीशी झाली, कारण पेंढ्यातल्या सेल्युलोजची साखर झाली की तिचं इथेनॉल करता येतं.

बुरशी ही एन्झाइम्स बाहेर, पाण्यात सोडते. म्हणजे पाणी भरपूर, माल चिमूटभर. मग गाळून बुरशी काढायची, अमोनियम सल्फेट घालायचं. क्षार पाणी धरून ठेवतो, प्रथिनं खाली बसतात. डायलिसिसने क्षार काढायचा आणि शेवटी कॉलममधून एकेक एन्झाइम वेगळं करायचं.

गंमत पुढे आहे. वेगळं केल्यावर कळलं की ही टोळी आहे! एक सेल्युलोजची साखळी मधेच तोडतो, दुसरा टोकाकडून ग्लुकोजच्या जोड्या काढतो, तिसरा, बीटा-ग्लुकोसिडेज, जोडी फोडतो. जोड्या साचल्या की पहिले दोघं मंदावतात. थोडक्यात, बॉटलनेक. ट्रायकोडर्मा नेमकी या तिसऱ्यात कमी पडते.

इथे आपलं पुणं येतं. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सदाना आणि सहकाऱ्यांनी स्क्लेरोशियम रॉल्फ्साय ही बुरशी घेतली. भुईमुगाच्या बुंध्याशी पांढरे धागे आणि मोहरीसारखे दाणे दिसले की शेतकरी कपाळाला हात लावतो, तीच ही. तिच्यात हा तिसरा गडी भरपूर. 1980 मध्ये त्यांनी अतिनील किरणांनी बदललेल्या वाणावर शोधनिबंध लिहिला. 1981 मध्ये याच बुरशीतून चार वेगवेगळी बीटा-ग्लुकोसिडेज शुद्ध केल्याचं मांडलं.

मग कारखान्यात शुद्ध एन्झाइम वापरतात का? सहसा नाही. तिथे गाळलेला द्राव फक्त दाट करतात, टोळी तशीच ठेवतात. शुद्धीकरण लागलं ते कोण काय करतं हे समजायला. 2022 मध्ये पानिपतला भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल करणाऱ्या प्रकल्पाचं उद्घाटन झालं, तंत्रज्ञान पुण्याच्या प्राजचं. अशा प्रकल्पांचं गणित अजूनही बऱ्याच अंशी एन्झाइमच्या किमतीवर अडतं. ते सुटलं तर शेतात जाळला जाणारा पेंढा कामी येईल.

असो. गोधडीला वास आला तर शिव्या जरूर घाला, पण जरा आदराने.