शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील शेतजमिनीचा वारसा

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील शेतजमिनीचा वारसा म्हणजे महाराष्ट्राच्या ठाणे जिल्ह्यातील या दोन ग्रामीण तालुक्यांत शेतकरी कुटुंबांची जमीन एका पिढीकडून पुढच्या पिढीकडे जाण्याची पद्धत होय. धर्मशास्त्र, जातीजमातींच्या रूढी, कूळकायदा, महसुली नोंदी आणि १९५६ नंतरचे वारसा कायदे यांच्या परस्परसंबंधातून ती घडली आहे. कायद्याने ठरवलेला हिस्सा आणि गाव दप्तरातील नाव यांत अनेकदा अंतर राहिल्याने, जमीन कसणाऱ्या किंवा तिच्यावर हक्क असलेल्या व्यक्तीला प्रत्यक्षात जमीन मिळाली की नाही हे बहुतेक वेळा नोंदीवर अवलंबून राहिले. विधवा, मुली, कुळे आणि आदिवासी कुटुंबे यांना या अंतराचा विशेष फटका बसला.

भूप्रदेश आणि जमिनीचे प्रकार

दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी, उत्तर कोकणात मोडतात. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाल्यावरही ते ठाणे जिल्ह्यातच राहिले. कुणबी, आगरी, महादेव कोळी, ठाकूर, वारली आणि कातकरी हे येथील प्रमुख शेतकरी व शेतमजूर समाज आहेत. भात हे मुख्य पीक असून नाचणी व वरी ही डोंगरउतारावरची पिके आहेत.

जमिनीचे खाचर आणि वरकस असे दोन ठळक भाग पडतात. बांध घातलेल्या खाचरात भात होते. उताराची वरकस जमीन नाचणी-वरीसाठी, तसेच गवत आणि राबासाठी वापरली जाते. भाताचे रोप तयार करण्यापूर्वी पालापाचोळा, फांद्या व शेण जमिनीवर पसरून जाळण्याच्या पद्धतीला राब म्हणतात. वरकस हाताशी नसेल तर खाचर लावणे अवघड होत असे. म्हणून भावाभावांच्या वाटणीत एकाला खाचर व दुसऱ्याला वरकस देण्याऐवजी दोन्ही प्रकारांत प्रत्येकाला भाग देण्याकडे कल राहिला. त्यामुळे एका कुटुंबाची जमीन गावाच्या शिवारात अनेक लहान तुकड्यांत विखुरली जाते.

ब्रिटिशपूर्व आणि आरंभीचा ब्रिटिश काळ

जून १८१७ च्या पुणे तहाने पेशव्यांकडील उत्तर कोकण ईस्ट इंडिया कंपनीकडे आले. त्यापूर्वी डोंगराळ भागात मोजलेल्या क्षेत्राऐवजी नांगराच्या संख्येवर सारा आकारण्याची पद्धत आढळत असे. अशा ठिकाणी वारशाने मिळत असे तो सीमा आखलेला भूखंड नसून कसण्याचा व सारा भरण्याचा हक्क असे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झालेल्या मोजणीने शेतांना सर्व्हे क्रमांक मिळाले आणि प्रत्येक क्रमांकासमोर खातेदाराचे नाव लिहिले जाऊ लागले. तोपर्यंत सर्वांच्या वहिवाटीत असलेली जमीन कागदावर एका व्यक्तीच्या नावे दिसू लागण्याची सुरुवात येथून होते.

मुंबई इलाख्यातील १८२७ च्या चौथ्या विनियमाने दिवाणी न्यायालयांना लिखित कायदा नसेल तेथे प्रथम देशरूढी आणि ती नसल्यास प्रतिवादीचा धर्मकायदा पाहण्यास सांगितले. त्यामुळे रूढी सिद्ध करणे हा वारसाविषयक दाव्यांचा महत्त्वाचा भाग बनला.

धर्मशास्त्र : मिताक्षरा आणि मयूख

हिंदू कुटुंबांच्या वारशाचा मुख्य आधार याज्ञवल्क्यस्मृतीवरील विज्ञानेश्वराची मिताक्षरा ही टीका होय. तिच्यानुसार वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाला जन्मतःच हक्क मिळतो. बाप हयात असतानाही तो सहदायाद असतो. बापाला अविभक्त मालमत्तेतील आपला हिस्सा मृत्युपत्राने दुसऱ्याला देता येत नसे. सर्व मुलांचा हिस्सा समान असे.

उत्तर कोकणात मात्र नीलकंठ भट्टांच्या ‘व्यवहारमयूख’ या सतराव्या शतकातील ग्रंथाला विशेष मान होता. हा ग्रंथ ‘भगवंतभास्कर’ या बारा भागांच्या धर्मनिबंधाचा एक भाग आहे. गुजरात, मुंबई बेट व उत्तर कोकण येथे मिताक्षरेशी मतभेद असल्यास मयूख ग्राह्य, असे तत्त्व मुंबई उच्च न्यायालयाच्या निर्णयांतून स्थिर झाले. मयूखात सख्ख्या बहिणीला आजीनंतर लगेच वारस म्हणून स्थान दिले आहे. शिवाय मुंबई परंपरेत मुलीला किंवा बहिणीला वारशाने मिळालेली मालमत्ता तिच्या पूर्ण मालकीची होत असे. विधवेला मात्र केवळ मर्यादित हक्क मिळे. ती उत्पन्न घेऊ शके, पण कायदेशीर गरजेशिवाय जमीन विकू शकत नसे. अर्थात मुलगी वा बहीण यांचा क्रम पुरुष वंशजांनंतर व विधवेनंतरच येई आणि अविभक्त कुटुंबात हिस्सा हयात पुरुष सहदायादांकडे जाई. त्यामुळे शास्त्रातील ही अनुकूलता शेतकरी कुटुंबात क्वचितच प्रत्यक्षात उतरे.

इंग्लंडमधील पद्धतीशी तुलना

या भागाची महसूल व्यवस्था उभारणारे ब्रिटिश अधिकारी ज्या देशातून आले, तेथील ग्रामीण वारसा याच्या नेमका उलट होता. इंग्लंडमध्ये मृत्युपत्र नसल्यास जमीन थोरल्या मुलाकडे जाई. मुलगे नसल्यास मुलींमध्ये ती समान वाटली जाई. केंट परगण्यात सर्व मुलांत समान वाटणीची, तर काही ठिकाणी धाकट्या मुलाला जमीन देण्याची रूढी होती. १५४० च्या कायद्यानंतर बहुतेक जमीन मृत्युपत्राने देण्याची मुभा मिळाली. ज्येष्ठाधिकाराचा हा नियम १९२५ च्या कायद्याने रद्द झाला व १ जानेवारी १९२६ पासून तो संपुष्टात आला.

इंग्लंडमध्ये शेत अखंड राहत असे, पण धाकट्या मुलांना सैन्य, चर्च, व्यापार किंवा मजुरीकडे वळावे लागे. शहापूर-मुरबाडमध्ये प्रत्येक मुलाला जमीन मिळे, पण पिढीगणिक ती लहान होत जाई. दोन्ही पद्धतींत मुलगे असताना मुलीला जमीन मिळत नसे.

वाटणीची रीत

वाटणी बहुधा पंचांसमोर तोंडी होत असे. समान मोलाचे भाग पाडून ते ठरवून घेतले जात. विहीर, खळे, आंब्याची व मोहाची झाडे यांसारख्या न तुटणाऱ्या गोष्टी सामाईक ठेवून त्यांचा उपभोग पाळीने घेतला जाई. जुन्या नोंदींत हिस्से आण्यांत लिहिलेले आढळतात. सोळा आणे म्हणजे पूर्ण शेत या हिशेबाने चार भावांना प्रत्येकी चार आणे येत. मोजणी करून हिस्से वेगळे केल्यास सर्व्हे क्रमांकाचे पोटहिस्से पडतात.

मुलगा नसलेल्या कुटुंबात दत्तक घेणे किंवा घरजावई आणणे हे पर्याय होते. मुंबई परंपरेत विधवेला पतीच्या स्पष्ट परवानगीशिवायही दत्तक घेता येई. घरजावयाला मात्र हिंदू कायद्याने वारसाहक्क मिळत नाही. जमीन त्याच्या पत्नीच्या नावे आली वा त्याला दान दिली गेली, तरच त्याचे स्थान सुरक्षित राही.

विधवा आणि पाट

येथील अनेक समाजांत विधवेच्या पुनर्विवाहाची, म्हणजे पाटाची, रूढी पूर्वापार होती. १८५६ चा विधवा पुनर्विवाह कायदा पुनर्विवाहाला मान्यता देणारा असला तरी त्यातील दुसऱ्या कलमाने पुनर्विवाह करणारी विधवा पहिल्या पतीच्या मालमत्तेवरील हक्क गमावत असे. पाटाची रूढी आधीपासून असलेल्या जातींनाही हे कलम लागू आहे, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १८९६ मध्ये दिला. अलाहाबाद उच्च न्यायालयाची भूमिका याहून वेगळी होती.

१९३७ च्या हिंदू स्त्रियांच्या मालमत्ता हक्काच्या कायद्याने विधवेला मुलाइतका हिस्सा दिला, पण शेतजमीन हा प्रांतिक विषय असल्याने तो तिला लागू नाही, असे फेडरल न्यायालयाने १९४१ मध्ये स्पष्ट केले. मुंबई प्रांताने १९४२ मध्ये स्वतंत्र कायदा करून हा हक्क शेतजमिनीपर्यंत वाढवला.

कर्जाचा आणि वेठीचा वारसा

बापाचे कर्ज फेडणे हे मुलाचे धर्मकर्तव्य मानले जाई. मुंबई इलाख्याच्या १८६६ च्या हिंदू वारस दिलासा कायद्याने वारसाची जबाबदारी त्याला मिळालेल्या मालमत्तेपुरती मर्यादित केली. तथापि निरक्षर आदिवासी कुटुंबांत ही मर्यादा कागदावरच राहिली. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापोटी सावकाराकडे राबणाऱ्या लग्नगड्यांची प्रथा ठाणे जिल्ह्यात होती. १९३६ च्या आदेशाने डहाणूबरोबर शहापूर तालुकाही ‘अंशतः वगळलेले क्षेत्र’ ठरला. अशा क्षेत्रांतील आदिवासींच्या स्थितीची पाहणी करणाऱ्या डी. सिमिंग्टन यांच्या अहवालात वेठ आणि कर्जबाजारीपणा यांची दखल घेतली गेली. वेठबिगारीतून निर्माण झालेली कर्जे १९७६ च्या कायद्याने रद्द झाली.

वतन जमिनी

पाटील, महार इत्यादी वतनांच्या जमिनी गावकीच्या सेवेशी जोडलेल्या असत. १८७४ चा वंशपरंपरागत वतन कायदा त्यांना लागू होता. १८८६ च्या दुरुस्तीने शेवटच्या वतनदाराची विधवा वगळता वतनदार कुटुंबातील स्त्रियांचा क्रम पुरुषांच्या मागे टाकला. स्वातंत्र्यानंतर वतने टप्प्याटप्प्याने रद्द झाली. कनिष्ठ गाव वतनांसंबंधीचा कायदा १९५८ चा, तर मुलकी पाटीलकी रद्द करणारा कायदा १९६२ चा आहे.

कूळ आणि कूळहक्काचा वारसा

बऱ्याच कुटुंबांना वारशाने मिळत असे ती जमीन नव्हे, तर सावकार वा जमीनदाराची जमीन खंडाने कसण्याची वहिवाट. लेखी करार नसल्याने बापाच्या मृत्यूनंतर मुलाला काढून टाकणे सोपे होते. १९४८ च्या मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन कायद्याच्या ४० व्या कलमाने मृत कुळाच्या वारसांना वहिवाट चालू ठेवण्याचा हक्क दिला. १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ ठरवून त्या दिवशी कसणाऱ्या कुळाला जमीन खरेदी केल्याचे मानण्यात आले. जमीनमालक विधवा किंवा अज्ञान असल्यास हा दिवस पुढे ढकलला जाई. अशा प्रकारे मिळालेल्या जमिनीच्या हस्तांतरावर ४३ व्या कलमाचे निर्बंध आहेत. ती वारशाने मात्र पुढे जाते.

कुळाची नोंद बहुधा घरातील वडीलधाऱ्या पुरुषाच्या एकट्याच्या नावे झाली. सर्व भाऊ मिळून कसत असलेल्या जमिनीवर पुढे त्या एका भावाच्या वंशजांनी दावा सांगितल्याने अनेक तंटे उभे राहतात.

१९५६ नंतरचे बदल

हिंदू वारसा कायदा १७ जून १९५६ रोजी लागू झाला. तो हिंदूंबरोबर बौद्ध, जैन व शीख यांनाही लागू आहे. विधवेचा मर्यादित हक्क संपून पूर्ण मालकी आली आणि मुलगी पहिल्या वर्गाची वारस ठरली. सहदायादत्व मात्र पुरुषांपुरतेच राहिले. महाराष्ट्राने १९९४ मध्ये दुरुस्ती करून त्या वेळी अविवाहित असलेल्या मुलींना सहदायाद केले. केंद्राच्या दुरुस्तीने ९ सप्टेंबर २००५ पासून सर्व मुलींना हा हक्क मिळाला. त्या दिवशी बाप हयात असणे आवश्यक नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या खटल्यात दिला. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्यांना मात्र संरक्षण आहे.

बदलाचे स्वरूप एका उदाहरणाने स्पष्ट होते. वडिलोपार्जित ९ एकर जमीन असलेला विधुर दोन मुलगे व एक मुलगी मागे ठेवून मृत्युपत्राविना वारला, असे मानू. १९५६ पूर्वी मुलग्यांना प्रत्येकी साडेचार एकर मिळाले असते व मुलीला काहीच नाही. मूळच्या १९५६ च्या कायद्याने बापाचा एक-तृतीयांश हिस्सा तिघांत वाटला जाऊन मुलग्यांना प्रत्येकी ४ एकर व मुलीला १ एकर मिळे. २००५ नंतर प्रत्येकाला ३ एकर मिळतात.

प्रत्यक्षात बहिणी अनेकदा हक्कसोडपत्र करून देतात. भावाने सणावारी चोळी-बांगडी करावी व माहेर तुटू नये, ही अपेक्षा त्यामागे असते. हक्कसोडपत्र नोंदणीकृत असणे आवश्यक आहे. मुलींची नावे सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात लिहून ठेवल्याचेही जुन्या नोंदींत दिसते.

आदिवासी कुटुंबे

हिंदू वारसा कायद्याच्या कलम २(२) नुसार हा कायदा अनुसूचित जमातींना, केंद्र सरकारने अधिसूचना काढल्याशिवाय, लागू होत नाही. त्यामुळे ठाकूर, महादेव कोळी, वारली व कातकरी कुटुंबांचा वारसा रूढीवर अवलंबून राहतो. रूढीनुसार जमीन सर्वसाधारणपणे मुलांकडे जाते. आदिवासी मुलींना समान हक्क देण्याबाबत विचार करावा, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारला सुचवले.

शहापूर तालुका संपूर्णपणे व मुरबाडमधील काही गावे अनुसूचित क्षेत्रात येतात. जमीन महसूल संहितेच्या ३६ व ३६-अ या कलमांनी आदिवासींच्या जमिनीच्या हस्तांतरावर निर्बंध घातले असून १९७४ च्या कायद्याने गैरमार्गाने गेलेल्या जमिनी परत देण्याची तरतूद केली. मूळ मालक हयात नसल्यास त्याच्या वारसांना हा दावा करता येतो. वारस नोंद नसलेल्या कुटुंबाला येथेच अडचण येते. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली मिळालेली जमीन वारशाने जाते, पण विकता येत नाही. विवाहित व्यक्तीच्या बाबतीत तिची नोंद पती-पत्नी दोघांच्या नावे होते.

वारस नोंद

१९०३ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात हक्कनोंदणी सुरू झाली. सध्या ती महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ नुसार चालते. खातेदाराच्या मृत्यूनंतर तीन महिन्यांत वारसांनी तलाठ्याला कळवणे अपेक्षित असते. वारसांची माहिती गाव नमुना ६-क मध्ये घेऊन फेरफार नोंदवला जातो, हितसंबंधितांना नोटीस दिली जाते आणि मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. त्यानंतर नवी नावे सातबाऱ्यावर येतात. फेरफार मालकी निर्माण करत नाही. तो महसुली नोंद असून तिच्या सत्यतेचे गृहीतक विरुद्ध पुरावा येईपर्यंत टिकते. मालकीचा अंतिम निर्णय दिवाणी न्यायालयच देते.

‘ए.कु.मॅ.’ ही नोंद या संदर्भात महत्त्वाची आहे. एकत्र कुटुंबाचा मॅनेजर असा तिचा अर्थ असून, एकाचे नाव असले तरी जमीन सर्वांची असल्याचे ती दर्शवते. पुढील फेरफारांत ही तीन अक्षरे गळाल्यास उरलेला एकमेव भाऊ मालक भासू लागतो.

सद्यस्थिती

मुंबईला पाणी पुरवणारे तानसा (१८९२) व भातसा हे जलाशय, तसेच समृद्धी महामार्ग यांसारख्या प्रकल्पांसाठी शहापूर तालुक्यातील जमिनी घेतल्या गेल्या. संपादनाच्या वेळी मोबदला प्रथमतः नोंदीतील नावांना देय ठरतो. वाद निर्माण झाल्यास रक्कम प्राधिकरणाकडे किंवा न्यायालयात अडकते. अनेक वर्षे न झालेली वारस नोंद त्यामुळे अशा वेळी तंट्याचे कारण बनते. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने प्रमाणक्षेत्राहून लहान तुकडे पाडण्यावर निर्बंध असल्याने लहान खातेदारांच्या जमिनी कागदोपत्री सामाईक राहतात.

पत्नीचे नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लावण्यासाठी राज्य शासनाने १९९२ मध्ये लक्ष्मी मुक्ती योजना आणली. मृत खातेदारांऐवजी हयात वारसांची नावे लावण्यासाठी १ एप्रिल २०२५ पासून राज्यभर ‘जिवंत सातबारा’ मोहीम सुरू झाली.