‘सुपर फ्लाय’ : चित्र आणि गीत यांतील विसंवाद

१९७२ च्या ऑगस्टमध्ये प्रदर्शित झालेला ‘सुपर फ्लाय’ हा अमेरिकन चित्रपट न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतील एका कोकेनविक्रेत्याची कथा सांगतो. नायक प्रीस्ट यास हा धंदा सोडावयाचा आहे. तत्पूर्वी एक अखेरचा मोठा सौदा करून जन्माची तरतूद करावी, एवढाच त्याचा बेत. पोलीस खात्यातील एक वरिष्ठ अधिकारीच या व्यापाराचा सूत्रधार निघतो. प्रीस्ट त्याच्यावर मात करून द्रव्यासह निसटतो. त्याला शासन होत नाही, आणि वादाचे मूळ नेमके येथेच आहे.

अशा चित्रपटांविरुद्ध त्याच वर्षी कृष्णवर्णीयांच्या हक्कसंघटना एकत्र आल्या. ‘ब्लॅक्सप्लॉइटेशन’, म्हणजे कृष्णवर्णीयांचे शोषण करणारा चित्रव्यवसाय, हा शब्द रूढ करण्याचे श्रेय त्यांपैकीच एका संघटनेचे ज्यूनियस ग्रिफिन यांना दिले जाते. आक्षेप निराधार नव्हता. प्रीस्टचा पायघोळ कोट आणि त्याची कॅडिलॅक मोटार यांवर कॅमेरा लुब्ध झालेला दिसतो. मात्र शोषक कोण, हे ठरविणे तितकेसे सोपे नाही. निर्माते सिग शोर श्वेतवर्णीय होते व वितरण वॉर्नर ब्रदर्सचे होते. परंतु दिग्दर्शक गॉर्डन पार्क्स (धाकटे) कृष्णवर्णीय होते आणि भांडवलाचा काही भागही कृष्णवर्णीय व्यावसायिकांनीच पुरविला होता.

या वादात संगीताचा विचार बहुधा दुय्यम ठरतो. वस्तुतः तोच प्रथम व्हावयास हवा. संगीतकार कर्टिस मेफील्ड यांना चित्रित झालेला भाग कोकेनची जाहिरातच वाटला होता, असे त्यांनी पुढे सांगितले. त्यांनी आपले उत्तर गीतांतून दिले. फ्रेडी हे कथेतील एक गौण पात्र. पोलिसांच्या हातून सुटून पळताना तो मोटारीखाली सापडून मरतो, आणि कथा त्याला मागे टाकून पुढे जाते. मेफील्ड यांनी मात्र ‘फ्रेडीज डेड’ हे संपूर्ण गीत त्याच्यावर रचले. विलक्षण गोष्ट अशी की, चित्रपटात या गीताची केवळ धून ऐकू येते, शब्द नाहीत. निषेधाचा सर्वांत स्पष्ट स्वर अशा रीतीने पडद्याबाहेर राहिला.

तथापि ध्वनिमुद्रिका जुलैमध्येच, चित्रपटाच्या आधी, बाजारात आली होती आणि हे गीत अतिशय लोकप्रिय झाले. त्यामुळे पुष्कळ प्रेक्षक ते शब्द कानांत घेऊनच चित्रगृहात शिरले असले पाहिजेत. केवळ पटकथेवरून केलेला निवाडा म्हणूनच अपुरा ठरतो. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या राष्ट्रीय नोंदींतही हाच क्रम दिसतो : ध्वनिमुद्रिकेचा समावेश २०१९ साली जाहीर झाला, चित्रपटाचा २०२२ साली.