भिडू

निन्टेन्डो ही मुळात पत्ते बनवणारी कंपनी. १८८९ साली क्योतोमध्ये तिची सुरुवात झाली ती 'हानाफुदा' नावाचे फुलापानांच्या चित्रांचे जपानी पत्ते करायला. मला याची गंमत वाटते, कारण पत्ते हा एकट्याने खेळायचा प्रकारच नव्हे. (पेशन्सवाल्यांनी माफ करावं. ती वेळ घालवायची सोय झाली, खेळ नव्हे!) चार टाळकी जमल्याशिवाय डाव बसत नाही. आणि याच कंपनीने पुढे जगभरच्या पोरांच्या हातात अशी वस्तू ठेवली की शेजारी बसलेल्या माणसाची गरजच संपली.

तो शेजारचा माणूस खेळात परत कसा आला, हे गेले काही दिवस मी शोधत बसलोय. निमित्त 'स्निपरक्लिप्स' नावाच्या एका गोड खेळाचं. त्याच्याकडे येतोच, पण आधी गुनपेई योकोईंबद्दल सांगायला हवं.

योकोई १९६५ साली निन्टेन्डोत लागले ते पत्ते बनवणाऱ्या यंत्रांची देखभाल करायला. फावल्या वेळात खेळणी बनवायचे, ती साहेबांच्या नजरेस पडली आणि माणूस खेळण्यांच्या विभागात गेला. १९६९ मध्ये त्यांनी 'लव्ह टेस्टर' आणला. एक डबी, तिच्यावर काटा, आणि दोन वायरींच्या टोकाला धातूचे दोन गोळे. एक गोळा त्याने धरायचा, एक तिने, आणि दोघांनी मोकळ्या हातांनी एकमेकांचा हात धरायचा. दोघांच्या अंगातून बारीकसा प्रवाह जाणार आणि काटा प्रेमाचा आकडा दाखवणार. शास्त्र म्हणाल तर शून्य. पण जरा बघा, हातात धरायच्या विजेच्या या खेळात दुसरं माणूस नसेल तर सर्किटच पूर्ण होत नाही!

त्यानंतर अकरा वर्षांनी त्याच माणसाने नेमकं उलटं केलं. गोष्ट प्रसिद्ध आहे. शिंकान्सेन गाडीत कंटाळलेला एक नोकरदार कॅल्क्युलेटरची बटणं उगाच दाबत बसलेला योकोईंना दिसला. तोवर कॅल्क्युलेटर कंपन्यांच्या स्पर्धेत ते छोटे पडदे आणि चिपा मातीमोल झाल्या होत्या. त्यातून १९८० साली 'गेम अँड वॉच' निघाला. योकोई या पद्धतीला वाळून गेलेल्या तंत्रज्ञानाचा आडवा विचार म्हणत. आपण त्याला फोडणीचा भात म्हणू. नवं काही नाही, कालचंच, पण चव भलतीच. अशा डब्या चार कोटींहून जास्त खपल्या.

पण तो गाडीतला माणूस एकटा होता, हे विसरायला नको. निन्टेन्डोच्या हातातल्या व्हिडिओ गेमचा जन्मच मुळी शेजाऱ्याशी बोलायला लागू नये म्हणून झालाय. पुढची चाळीसेक वर्षं ही त्या जन्मखुणेशी झटापट आहे असं माझं मत.

आपल्याकडे निन्टेन्डोचा अस्सल माल फारसा कोणी पाहिला नाही. आपल्या वाट्याला आला तो ब्रिक गेम. आमच्या घरचा मामाने मुंबईहून मनीष मार्केटातून आणला होता. वर '९९९९ इन १' लिहिलेलं, आत खरे खेळ जेमतेम वीस असतील, बाकी सगळी वेग बदलून केलेली भरती. डबी एक आणि आम्ही भाऊ दोन. मग पाळी. दादा खेळतोय आणि मी त्याच्या खांद्यावरून बघत मनात एकच जप करतोय, हा कधी आऊट होतोय! माझी पाळी आली की तो तेच करणार. म्हणजे एकच खेळणं दोघांत वाटून खेळायचं, तर दुसऱ्याचं वाईट चिंतणं हा त्या खेळाचाच भाग. यात कोणी दुष्ट नव्हतं, पडदाच तेवढा होता. (व्हिडिओ गेमच्या पिवळ्या कॅसेटवर कॉन्ट्रा खेळलेली मंडळी म्हणतील की आम्ही दोघं मिळून खेळायचो. बरोबर आहे. पण तो टीव्हीवर, आणि तिथेही जिना चढताना मागे राहिलेल्याचा जीव जायचा, आठवतंय ना?)

निन्टेन्डोलाही ही अडचण कळत असणार. १९८४ मध्ये त्यांनी गेम अँड वॉचचे तीन खेळ असे काढले की डबी उघडली की तिच्यातून वायरने जोडलेले दोन चिमुकले कंट्रोलर निघायचे. एक तुला, एक मला. पण खेळ कुठले, तर बॉक्सिंग, हॉकी आणि एकमेकांकडे किडे पिटाळणं. दुसरा माणूस आला, पण शत्रू म्हणून.

१९८९ मध्ये गेम बॉय आला. चार पेन्सिल सेल, हिरवट पडदा आणि चारच छटा. प्रतिस्पर्ध्यांचे रंगीत पडदे बॅटऱ्या गटागटा प्यायचे, त्यांच्यापुढे हा म्हणजे गरीब गाय. त्याच्या कडेला एक भोक होतं, केबल जोडायला. योकोईंच्याच विभागातल्या इंजिनिअर मंडळींनी ठेवलेलं. त्या केबलचा पहिला गाजलेला उपयोग म्हणजे टेट्रिस. मी ओळी फोडल्या की तुझ्या विटा खालून वर चढणार. पुन्हा तेच! माझं चांगलं तेच तुझं वाईट.

या केबलकडे वेगळ्या नजरेने पाहिलं ते सातोशी ताजिरींनी. लहानपणी तोक्योच्या हद्दीवर किडे पकडत हिंडलेला हा मुलगा. दोन गेम बॉय जोडलेले बघून त्यांच्या डोक्यात आलं की या वायरीतून एखादा किडा सरपटत पलीकडे गेला तर? सहा वर्षं खपून १९९६ मध्ये त्यांनी पोकेमॉन आणला, तोही लाल आणि हिरव्या अशा दोन आवृत्त्यांत. लालमधले काही प्राणी हिरव्यात नाहीत, हिरव्यातले लालमध्ये नाहीत. काही प्राणी तर असे की ते दुसऱ्याला दिल्याशिवाय मोठेच होत नाहीत. कोणाशी तरी देवाणघेवाण केल्याशिवाय संग्रह पुरा होणार नाही, हे कायद्यानेच ठरवून टाकलं. यात धंदा आहेच, एकाच घरात दोन कॅसेटी खपतात. पण शाळेच्या आवारात जरा बाजूला उभ्या राहणाऱ्या मुलाकडे जाऊन 'तुझ्याकडे हिरवी आहे का?' असं विचारायची सोय झाली, हेही खरंच. योकोई त्याच वर्षी निन्टेन्डोतून बाहेर पडले आणि १९९७ च्या ऑक्टोबरमध्ये रस्त्यावरच्या अपघातात गेले. त्यांच्या यंत्राला तेव्हा कुठे दुसरी पालवी फुटत होती.

देवाणघेवाण झाली, पण एकत्र खेळणं? ते आलं २००२ मध्ये, 'झेल्डा'च्या 'फोर स्वॉर्ड्स' या खेळात. दोन ते चार जण, प्रत्येकाचं यंत्र वेगळं, प्रत्येकाची कॅसेट वेगळी, मध्ये केबल. जड ठोकळे सगळ्यांनी मिळून ढकलायचे, सोबत्याला उचलून खड्ड्यापलीकडे फेकायचं. आणि एकट्याला हा खेळ सुरूच करता येत नव्हता! मला हा हट्ट फार आवडतो. अर्थात पाणी शिरायला एक फट ठेवली होतीच. शेवटी ज्याच्याकडे जास्त रत्नं तो जिंकला, त्यामुळे फेकता फेकता भिडू नेमका खड्ड्यात पडायचा. आणि एवढी यंत्रं, कॅसेटी, वायरी जमवणार कोण? २०११ मध्ये हा खेळ पुन्हा फुकट वाटला, तेव्हा त्यात एकट्याने खेळायची सोय निमूटपणे घातली गेली.

आता स्निपरक्लिप्स. मार्च २०१७ मध्ये निन्टेन्डो स्विच बाजारात आला त्याच दिवशी हाही आला. करणारे इंग्लंडमधले टॉम आणि अ‍ॅडम व्हियन, सख्खे भाऊ. लहान वयापासून दोघं मिळून फ्लॅशवर खेळ करायचे. स्विच म्हणजे हातातला पडदा, त्याच्या दोन्ही बाजूंना दोन तुकडे, ते सुटे होतात आणि प्रत्येक तुकडा एकेक कंट्रोलर होतो. १९८४ च्या त्या डबीचाच नातू म्हणा ना.

खेळात दोन कागदी जीव आहेत, स्निप आणि क्लिप. एका बाजूने गोल, एका बाजूने चौकोनी, पाय दोन, आणि चेहऱ्यावर कायम काहीतरी मिश्कील भाव. एकाने दुसऱ्यावर जाऊन बसायचं आणि बटण दाबायचं, जेवढा भाग झाकला गेला तेवढा समोरच्याचा कापला जातो. बस, एवढंच. मग कोडी. बॉल बास्केटमध्ये न्यायचाय? एकाच्या डोक्यावर वाटीएवढा खड्डा कापा, त्यात बॉल ठेवून तो चालेल. ठिपक्यांची आकृती भरायचीय? दोघांनी असं कापून घ्यायचं की मिळून ती आकृती व्हावी. पेन्सिलला टोक काढायचं असेल तर आधी ती धरता येईल असं अंग हवं. चुकलं तर एक बटण दाबलं की कागद पुन्हा अख्खा.

या सगळ्यातला एकच नियम मला झोप लागू देईना. स्वतःला कापता येत नाही. उपयोगी पडायचं असेल तर दुसऱ्याने तुम्हाला कापावं लागतं, आणि त्यासाठी नक्की काय कापायचं हे तोंडाने सांगावं लागतं. 'थोडा डावीकडे, आता वाक, हां, काप!' या कोड्यांत रत्नं नाहीत, शेवटी जास्त कमी काही नाही. फटच बुजवून टाकली या भावांनी.

मागच्या दिवाळीत दादा, वहिनी आणि पुतणी घरी आले होते. वाटण्यांच्या वेळी काय झालं ते घरच्या वाचकांना ठाऊक आहे, बाकीच्यांना नसलं तरी बिघडत नाही. तेव्हापासून आमचं बोलणं 'गाडी मिळाली का', 'गोळ्या चालू आहेत ना' यापुढे जात नव्हतं. पुतणीला खेळायला कोणी मिळेना, मग तिने एक तुकडा माझ्या हातात दिला. दहा मिनिटांत तिला कोणाचा तरी फोन आला, आणि जाताना तिने तिचा तुकडा दादाच्या हातात कोंबला. बास्केटबॉलचं कोडं होतं. त्याने पहिल्या झटक्यात माझं अर्धं अंग कापलं. मी म्हटलं, "अरे, एवढं नको, नुसता खड्डा कर." तो म्हणाला, "मग तू नीट उभा राहा ना." पुढची पाऊण तास आम्ही एकमेकांना हेच सांगत होतो, आवाज चढवून. वहिनी स्वयंपाकघरातून दोनदा डोकावून गेली, तिला वाटलं पुन्हा सुरू झालं.

बाकी त्या संध्याकाळी वाटणीचा विषय निघाला नाही. नंतरही नाही. दादा हे वाचेलच, त्यामुळे इथे थांबतो.

निन्टेन्डोने त्यांच्या आधीच्या यंत्रांची, थ्रीडीएस आणि वी यूची, ऑनलाइन खेळायची सेवा एप्रिल २०२४ मध्ये बंद केली. दूर बसून एकत्र खेळायची सोय अशी एका तारखेला संपते. केबलचं तसं नाही. जुने दोन गेम बॉय, दोन टेट्रिस आणि ती वायर सापडली तर विटा आजही पलीकडे चढतील. फक्त वायरीएवढ्या अंतरावर बसायची तयारी हवी.

स्निपरक्लिप्समध्ये चार जणांची कोडी वेगळी आहेत, ती आम्ही अजून उघडलेली नाहीत. पुतणी तयार आहे. वहिनी म्हणते, तिला बटणं कळत नाहीत. वर्षभर आहे, शिकेल.