स्पर्शफलकाचा दर्शनी थर

यंत्र सुरू-बंद करण्यासाठी ज्या फलकाला बोट लावतात, त्याचे सगळ्यात वरचे आवरण म्हणजे दर्शनी थर. बोलीत फलकाला टच पॅनेल, कीपॅड किंवा नुसतेच ‘बटणं’ म्हणतात. आतले विद्युतमंडल कितीही चांगले असो, गिऱ्हाइकाला दिसतो तो हा थर, आणि पहिल्यांदा खराब होतो तोही हाच.

फलक नुसता बटणांचा असे, तेव्हा हा थर कशाचा करायचा हा प्रश्न सोपा होता. वीजघरांतले सुरुवातीचे स्विचबोर्ड संगमरवराच्या किंवा पाटीच्या दगडाच्या लाद्यांवर बसवलेले असत, कारण दगड वीज वाहत नाही आणि जळत नाही. 1907 मध्ये लिओ बेकलंड यांनी बॅकेलाइट तयार केले आणि दगडाची जागा काळ्या-तपकिरी साच्यातल्या वस्तूंनी घेतली. जुन्या वाड्यांतली टकटक वाजणारी गोल काळी बटणे त्याच कुळातली. 1960 च्या दशकात ई. ए. जॉन्सन यांनी इंग्लंडमध्ये नुसत्या स्पर्शाने चालणारा पडदा मांडला. तेव्हापासून वरच्या थरावर दुहेरी काम आले : आतल्या भागाचे रक्षण करायचे, आणि बोटाची खबर आत पोचूही द्यायची.

ही खबर तीन रीतींनी पोचते. पटल-कळीच्या (मेम्ब्रेन) फलकात पातळ प्लास्टिक दाबले जाते आणि खालचे दोन सुवाहक थर टेकतात. रोधी (रेझिस्टिव्ह) पडद्यातही दाबच लागतो; तिथे कळीऐवजी अख्खी पारदर्शक फिल्म वाकते. धारित्री (कपॅसिटिव्ह) फलकात काहीच वाकत नाही, बोट जवळ आल्याने बदललेले विद्युतक्षेत्र मोजले जाते. म्हणून धारित्री फलकावर धातूचा पत्रा चालत नाही. पदार्थातून हे क्षेत्र किती सहज पुढे पोचते ते परावैद्युतांक सांगतो : काचेचा साधारण 7, ॲक्रिलिक व पॉलिकार्बोनेटचा 3 च्या आसपास. 3 मिलिमीटर काचेतून जेवढी खबर जाते, तेवढी प्लास्टिकमधून जायला ते दीड मिलिमीटरहूनही पातळ हवे. काच आणि संवेदक यांच्यात हवेची फट राहिली तर हा हिशेब कोलमडतो, म्हणून दोन्ही चिकटवून घेतात.

या थरांची खरी परीक्षा पाहायची तर परभणी जिल्ह्यातल्या मानवतला जावे; हे कापसाचे बाजारगाव. तिथल्या जिनिंग-प्रेसिंगच्या (सरकी काढून रुईच्या गठाणी बांधण्याच्या) आवारात कोणता थर किती दिवस टिकतो हे प्रयोगशाळेपेक्षा लवकर कळते. 2000 साली केंद्र सरकारने कापूस तंत्रज्ञान अभियान सुरू केले. त्यात जिनिंग-प्रेसिंगच्या आधुनिकीकरणाला मदत मिळू लागली आणि हाताने ओढायच्या लिव्हरच्या जागी बटणांचे, पुढे पडद्यांचे फलक येत गेले. 170 किलोची गठाण बांधणाऱ्या प्रेसजवळ, वजनकाट्याच्या खोलीत, ऑइल मिलमध्ये असे फलक बसतात, आणि त्या सगळ्यांवर हवेत तरंगणारी रुई उतरते.

रुई स्वतः मऊ असते; ओरखडा काढते ती तिच्यात अडकलेली माती. वाळूच्या कणाची कठीणता मोहच्या मापनश्रेणीत 7, खिडकीच्या काचेची साडेपाच-सहा, प्लास्टिकची त्याहून बरीच खाली. फलकावर धूळ बसली, कामगाराने खांद्यावरच्या कोरड्या पंचाने ती झटकन पुसली, की कण थरावर घासला जातो. पंचाने ॲक्रिलिक घासल्याने स्थिर वीज तयार होते आणि पुसलेल्या जागी रुई पुन्हा येऊन चिकटते. ओलसर फडक्याने पुसावे, हा सल्ला म्हणूनच खरा आहे, आणि हंगामात पाळला जात नाही हेही खरे आहे.

पटल-कळीच्या फलकासाठी बाजारात दोन फिल्म चालतात. पॉलिकार्बोनेट स्वच्छ, छापायला सोपे आणि स्वस्त, पण वारंवार वाकवले की तडकते. थिनर, पेट्रोल यांसारखे द्रव लागले तर त्यात बारीक भेगांचे जाळे पडते. पॉलिएस्टर वाकणे पुष्कळ जास्त सोसते. दहा लाखांहून अधिक वेळा दाबले तरी टिकते, असे उत्पादक सांगतात. थिनरलाही ते फारशी दाद देत नाही. फलक खरेदी करताना एकच प्रश्न विचारायचा असेल तर हा विचारावा : छपाई वरून आहे की आतून? आतून, म्हणजे फिल्मच्या मागच्या बाजूने छापलेले अक्षर बोटाखाली झिजत नाही. वजनकाट्याचा कीपॅड जवळून पाहिला तर सगळी कळपाटी नवी दिसते आणि वजन शून्य करण्याची एक कळ तेवढी दुधाळ, मधोमध चिरलेली असते. त्या चिरेतून दमट धूळ आत जाते आणि कळ कधी आपोआप दाबली जाते, कधी दाबूनही लागत नाही. बाकीच्या पंधरा कळा चांगल्या असून फलक बाद होतो.

रोधी पडद्यावर रुईने माखलेले बोट, हातमोजा, पेन, सगळे चालते, हा त्याचा गुण. आणि पेन हाताशी नसले की पेचकसाचे टोक वापरले जाते, हा त्याचा घात. धारित्री काचेला ओरखडा क्वचितच पडतो, पण ओल्या बोटाला ती फसू शकते. कडक केलेली काच (टफन्ड) साध्या काचेपेक्षा चार-पाच पट मजबूत असते, पण एकदा कडक केल्यावर तिला छिद्र पाडता येत नाही. सगळी मापे आधीच पक्की लागतात. कारखानदाराची घाई आणि काचवाल्याची ही अट यांचे क्वचितच जुळते.

शेतातल्या मोटरीच्या स्टार्टरचा डबा हे वेगळेच प्रकरण. तिथे रुई नाही, ऊन आहे. परभणीचा उन्हाळा 45 अंशांपर्यंत चढतो आणि उघड्यावरचा पत्र्याचा डबा त्याहून पुष्कळ तापतो. अतिनील किरणांनी साधे पॉलिकार्बोनेट पिवळे पडते, साधे पॉलिएस्टर ठिसूळ होते. दोन्हींना अतिनील-रोधक लेप लागतो. ॲक्रिलिक उन्हात चांगले टिकते, पण आपटले की तुटते. ‘आयपी 65’ या खुणेतला 6 धुळीपासून पूर्ण बचाव सांगतो आणि 5 पाण्याच्या झोतापासून. उन्हाबद्दल ती खूण काहीही सांगत नाही.

घरात इंडक्शन शेगडीचा पृष्ठभाग काच-सिरॅमिकचा असतो. तापल्यावर तो जवळजवळ प्रसरण पावत नाही, म्हणून तापलेल्या जागी गार पाणी सांडले तरी तडकत नाही, आणि हळदीचा डागही धरत नाही. पांढऱ्या प्लास्टिकच्या कळपाटीवर तोच डाग कायमचा बसतो.

दिसण्याचे म्हणाल तर सध्या चकचकीत काळ्या काचेची चलती आहे. दुकानाच्या दिव्याखाली ती उठून दिसते. कापसाच्या गावात मात्र तिच्यावर प्रत्येक पांढरा धागा आणि प्रत्येक बोटाचा ठसा दिसतो. फिकट राखाडी, किंचित खरखरीत, चमक नसलेला थर दोन्ही झाकतो आणि खिडकीचा उजेडही डोळ्यांवर मारत नाही.

नव्या फलकावर कारखान्यातून येणारी संरक्षक फिल्म बहुतेक जण काढत नाहीत. नव्या फ्रिजचे प्लास्टिक जपतात तशी जपतात. उन्हाळ्याने तिचा डिंक भाजून पक्का होतो, कडा सुटून आत रुई शिरते, मग ती खरवडायला थिनर आणले जाते, आणि पॉलिकार्बोनेटवर भेगा पडतात त्या तेव्हाच.